वाजवण्याआधीची चूळ

आमच्या घरी दिवस उजाडायचा तो चुळा भरण्याच्या आवाजानं. अंगणात कडुनिंबाचं झाड होतं. त्याच्या पाराशी आण्णांची माणसं उभी राहायची, पितळी तांब्या एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जायचा, आणि जो तो मान मागं टाकून घशात पाणी खळखळवायचा आणि कुंपणाच्या कडेला टाकायचा. चूळ भरल्याशिवाय वाद्याला तोंड लावायचं नाही, हा आण्णांचा नियम. आण्णा म्हणजे माझे वडील. आटपाडीत त्यांचा बँड होता, त्याचे ते मास्तर, आणि क्लॅरोनेट वाजवायचे. चुळीचा नियम मूळचा त्यांच्या वडिलांचा. आजोबा देवळापुढं सनई वाजवायचे, पण पायरीखाली उभं राहून. पायरी चढायची त्यांना मुभा नव्हती. तरी देवाच्या कानावर जाणारा सूर उष्ट्या तोंडानं जाऊ नये एवढी काळजी ते घ्यायचे. देवानं त्यांची काय काळजी घेतली ते मला ठाऊक नाही. आण्णांनी मोठं झाल्यावर सनई खुंटीला टांगली, क्लॅरोनेट आणलं, लाल कोट शिवला, त्याच्या खांद्यांवर सोनेरी झालर लावली आणि ते वरातीच्या पुढं चालायला लागले. आजोबांचं बाकी काही त्यांनी ठेवलं नाही, चूळ तेवढी ठेवली. ढोल वाजवणाऱ्या बापूला खरं तर तोंडाचं काय काम, पण त्यालाही चूळ भरावी लागायची, आणि तो सगळ्यांपेक्षा मोठा आवाज करून भरायचा.

त्याच वेळी आई चुलीजवळच्या उंबऱ्यावर बसून मिश्री लावायची. तंबाखूची पानं जुन्या तव्यावर काळी पडेपर्यंत भाजायची आणि हातानं चुरून डबीत भरायची. भाजताना असा झोंबरा खाट उठायचा की आम्ही पोरं खोकत अंगणात पळायचो. मग रोज सकाळी बोटानं ती पूड दातांवर घासत आई बराच वेळ बसायची. तोंड भरलेलं असल्यामुळं त्या वेळात ती कुणाशी बोलायची नाही, आणि आता मला वाटतं, दिवसातली तेवढीच वेळ तिची स्वतःची होती. माझ्या वेळी दिवस गेले तेव्हा मळमळ थांबावी म्हणून तिच्या सासूनं ती लावायला शिकवली होती. आमच्याकडच्या बायका मिश्रीला व्यसन म्हणायच्या नाहीत. ती दात घासण्यात मोडायची. व्यसन म्हणजे पुरुषांचं, आणि त्यातही ज्याचा धूर निघतो ते.

आण्णांचं व्यसन तसलं होतं. लग्नाची सुपारी द्यायला माणसं यायची, तेव्हा नारळ-सुपारीबरोबर मास्तरासाठी सिगारेटचं पाकीट आणि बाकीच्यांसाठी बिड्यांचे कट्टे ठेवायची पद्धत होती. पाकीट ठेवलं नाही तर मास्तराचा मान राखला नाही असं समजलं जायचं. त्यामुळं लग्नसराईत आण्णांच्या कोटाच्या दोन्ही खिशांत पाकिटं असायची. दोन गाण्यांच्या मध्ये ते सिगारेट पेटवायचे, डोळे मिटून ओढायचे, आणि नवं गाणं सुरू करायच्या आधी खिशातली पाण्याची बाटली काढून चूळ भरायचे. कोटाच्या बाह्यांना जळकी भोकं पडायची. ती बुजवता बुजवता आई पुटपुटायची, "बँड वाजवत्यात का बंब पेटवत्यात, काय कळत न्हाई." आण्णा हसायचे. त्यांना हसताना खोकला यायचा, आणि त्या काळात तो खोकला आमच्या घरातला एक आवाज होता, क्लॅरोनेटसारखाच.

आमच्या भागात आण्णांचं नाव होतं ते लांब सुराबद्दल. वरात मांडवाच्या दारी आली की नवरीची आई नवऱ्यावरून भाकरतुकडा ओवाळते आणि लांब टाकून देते. त्या वेळी बाकीचा सगळा बँड थांबायचा आणि आण्णा एकट्यानं एकच सूर धरायचे. तुकडा ओवाळून टाकला जाईपर्यंत तो तुटता कामा नये. तुटला तर अपशकुन, नवऱ्याच्या आयुष्याला धोका, असं लोक मनापासून मानायचे. कधी नवरीची आई रडत असायची, कधी तुकडाच सापडत नसायचा, कधी दीर-नणंदांची थट्टा संपत नसायची. आण्णांचा सूर तोवर चालू. गळ्याच्या शिरा फुगायच्या, चेहरा लालबुंद व्हायचा, डोळे मात्र शांत. तुकडा पडला की ते क्लॅरोनेट खाली घ्यायचे आणि लोक टाळ्या वाजवायचे. मी लहानपणी आण्णांबरोबर काही लग्नांना गेले आहे. गावच्या पाटलापासून सगळ्यांच्या नजरा माझ्या बापाच्या तोंडाकडं लागलेल्या मी पाहिल्या आहेत. आजोबांच्या वाट्याला असली नजर कधी आली नाही.

तो सूर तुटला दहिवडीकडच्या एका लग्नात. मी तिथं नव्हते, पण शिवादानं सांगितलं ते मला पाहिल्यासारखं आठवतं. शिवादा म्हणजे आण्णांचा सगळ्यात जवळचा शिष्य. ट्रम्पेट वाजवायचा. त्याला आईबाप नव्हते, आमच्याच घरी जेवूनखाऊन मोठा झालेला, मी त्याला राखी बांधायची. तो म्हणाला, नवरीच्या आईनं तुकडा हातात घेतला, आण्णांनी सूर धरला, आणि मध्येच छातीतून असा खोकला आला की क्लॅरोनेट तोंडातून निसटलं. बाई हात तसाच अधांतरी धरून उभी राहिली. शिवादानं प्रसंगावधान राखून ट्रम्पेटवर तो सूर उचलला आणि वेळ निभावली, पण नवऱ्याचा मामा मोठ्यानं म्हणाला, "मास्तर म्हातारं झालं, आता बँजोपार्टी बघाया पायजे." बँजोपार्ट्या तेव्हा गावोगाव निघत होत्या. त्यांच्यात फुंकायचं काही नसायचं, सगळं विजेवर आणि बोटांवर.

त्या दिवशी आण्णा घरी आले ते कोट न काढताच पारावर बसले. आईनं भाकरी वाढली, ती तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी शिवादा त्यांना विट्याच्या डॉक्टरकडं घेऊन गेला. डॉक्टरनं छाती तपासली, फोटो काढला आणि सांगितलं की धूर आजपासून बंद. बंद केला नाही तर फुंकणं आपोआप बंद होईल. दुसरं त्यानं काही विचारलं नाही, आणि आण्णांनीही विचारलं नाही. मी त्या डॉक्टरला दोष देत नाही. त्याच्यासमोर खोकणारा सिगारेटवाला होता, त्यानं सिगारेट सोडायला सांगितली.

सिगारेट सोडल्यावरचे ते दिवस वाईट होते. आण्णा भाजीत मीठ कमी आहे म्हणून ताट सरकवायचे, बारीकसारीक गोष्टींवरून बापूवर ओरडायचे. रियाजाला बसले की पाचदहा मिनिटांत उठायचे आणि अंगणात फेऱ्या मारायचे. एका दुपारी त्यांनी कोटाचे सगळे खिसे उलटे केले, राखेची जुनी वाटी हुंगली आणि ती भिंतीवर फेकून मारली. आई उंबऱ्यावरून बघत होती. ती उठली, तिनं फळीवरून तंबाखूची पुडी काढली, पानवाल्या शेजारणीकडून चुना आणला आणि दोन्ही आण्णांच्या पुढं ठेवून म्हणाली, "ह्ये खावा. ह्यात कुठं धूर हाय?" आण्णांनी तिच्याकडं बघितलं. तळहातावर तंबाखू घेतली, अंगठ्यानं चुना लावून मळली, वर दोन टाळ्या मारून भुकटी उडवली आणि खालच्या ओठाच्या आत, डाव्या गालाला धरली. थोड्या वेळानं त्यांचे खांदे खाली आले. आईला इतका आनंद झाला की तिनं त्या रात्री हुलग्याच्या पिठाचं शेंगोळं केलं, लसूण घालून, आणि आण्णा बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले.

आणि दम खरोखर परत आला. हे मला सांगायलाच हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळं झालं. पुढच्या लग्नसराईत आण्णांनी लांब सूर असा धरला की तुकडा कधीच पडून गेला होता, नवरा मांडवात शिरत होता, आणि सूर चालूच होता. खोकला गेला, कोटाला भोकं पडायची थांबली, घरातला धुराचा वास गेला. आईला तर आपण नवऱ्याला वाचवलं असंच वाटत होतं. मी त्या वर्षी अकरावीला होते, आणि सोडलेल्या व्यसनाबद्दल निबंध लिहून त्यात वडिलांचं कौतुक केलं होतं. बाईंनी तो वर्गात वाचून दाखवला. वर्गातल्या एकाही मुलीनं किंवा बाईंनीही विचारलं नाही की मग आता वडील काय करतात.

आण्णांचा स्वभावच असा होता की आपल्याला गुण आला की तो सगळ्यांना यायला हवा. त्यांनी बँडमध्ये बिडी बंद केली. "धूर वढनाऱ्यानं माझ्या बँडात राहू नये. छाती हीच आपली इस्टेट हाय," असं त्यांनी सगळ्यांना उभं करून सांगितलं. "लय तलफ आली तर तंबाखूचा बार भरा, पर फुंकायची छाती जाळू नका." त्या वर्षी जुने लाल कोट जाऊन नवे आले होते. जुन्या कोटांच्या कापडातून आईनं प्रत्येकासाठी एकेक चंची शिवली, तंबाखूची आणि चुन्याच्या डबीची अशी दोन कप्प्यांची, आणि तिच्या तोंडाला त्याच कोटांवरची सोनेरी झालर लावली. आईची शिवण पक्की. खंडेनवमीला आमच्याकडं वाद्यांची पूजा व्हायची. पाटावर क्लॅरोनेट, ट्रम्पेटं, ढोल, खुळखुळे मांडलेले असायचे. त्या वर्षी प्रत्येक वाद्यापुढं एकेक चंची ठेवली होती. आईनं वाद्यांना हळदकुंकू लावलं तसं चंच्यांनाही लावलं, आणि आण्णांनी त्या एकेकाच्या हातात दिल्या. बापूनं ती कपाळाला लावून खिशात घातली. आमच्या बँडातला एकही माणूस त्यानंतर बिडीला शिवला नाही. तालुक्यात लोक उदाहरण द्यायचे.

आता माझ्या घरासमोरच्या टपरीवर पुड्या टांगलेल्या असतात, त्यांच्यावर सडलेल्या जबड्याचा फोटो असतो, आणि तो फोटो बघत बघत पोरं पुडी फाडतात. लोक म्हणतात अडाण्यांना कळत नाही. मी त्यांच्यावर चिडते. आमच्या घरात जे झालं ते निष्काळजीपणानं झालं नाही. सगळ्यांनी फार काळजी घेतली होती, तिथंच तर घात झाला.

कुंपणाच्या कडेची माती मात्र बदलली. पूर्वी तिथं नुसतं पाणी पडायचं. आता सकाळी माणसं यायची ती गालात बार घेऊनच. वाजवायच्या आधी बोटानं तो काढून टाकायची, मग तांब्या फिरायचा, आणि चुळीचं पाणी तपकिरी पडायचं. तिथं आईनं लावलेली गवती चहाची बेटं जळायला लागली. आईनं ती हलवून दुसरीकडं लावली. तिनं किंवा आम्ही कुणी त्याचा जास्त विचार केला नाही.

आण्णांना खर्डा जिवापेक्षा प्यारा. हिरव्या मिरच्या, लसूण, मीठ, तव्यावर तांब्याच्या बुडानं रगडलेला, बाजरीच्या भाकरीवर घेऊन ते तो असा खायचे की बघणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावं. काही वर्षांनी एक दिवस त्यांनी घास तोंडात घेतला आणि तसाच हातावर काढला. "मिरची बदललीस काय?" त्यांनी विचारलं. मिरची तीच होती. मग ते खर्डा दह्यात कालवून खायला लागले, मग खर्डाच बंद झाला, मग भाकरी दुधात कुस्करून. विचारलं तर म्हणायचे, चुना जास्त लागला, तोंड आलंय. त्यांनी बार डावीकडून उजवीकडं धरायला सुरुवात केली. मी एकदा बॅटरी घेऊन त्यांचं तोंड बघितलं होतं. डाव्या गालाच्या आत, खालच्या दाढांपाशी, सायीसारखा पांढरा चट्टा होता आणि त्याच्या मधोमध लाल खड्डा. मी आईला सांगितलं. आईनं तूप लावलं, ज्येष्ठमध दिलं, आणि मिश्री लावून बघा म्हणाली, मिश्रीनं हिरड्या घट्ट होतात.

शेवटी सांगितलं ते क्लॅरोनेटनं. ते वाजवायला ओठ आणि गाल असे आवळून धरावे लागतात की कडेनं हवेचा कणसुद्धा सुटू नये. आण्णांच्या डाव्या कोपऱ्यातून हवा सुटायला लागली. रियाजात सूर फाटायचा, मध्येच फुस्स आवाज यायचा. छाती भरलेली, दम हवा तेवढा, आणि तो तोंडातच सांडून जायचा. त्यांनी रीड बदलून बघितलं, क्लॅरोनेटला दोष दिला, दुरुस्तीला मिरजेला न्यायचं ठरवलं. मिरजेला वाद्यं दुरुस्त करणारे चांगले मिळतात. शिवादा म्हणाला, "आण्णा, मिरजंला चाललाय तर तोंड बी दाखवून घेऊ." तोवर त्यांच्या गळ्याला गाठ आलेली मफलरमधूनही दिसत होती.

मोठ्या दवाखान्यात आई, मी आणि शिवादा बरोबर होतो. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, फार घाईत होत्या, पण हात हळू लावायच्या. त्यांनी तोंडात दिवा धरला आणि गळ्याची गाठ चाचपली. मग विचारलं, "तंबाखू खाता?"

"व्हय," आण्णा म्हणाले, आणि त्यांचा चेहरा उजळला. "सिगारेट कवाच सोडली म्यां, बाईसाहेब. एक झुरका न्हाई. माझी पोरं बी शिवत न्हाईत."

आई पुढं झाली. "म्याच सोडवली," ती म्हणाली. "त्याच्या बदल्यात ही दिली."

डॉक्टरीणबाईंनी दिवा बंद केला. त्यांनी आईकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि मला त्यांच्या तोंडावरूनच सगळं कळलं. आईला नाही कळलं. ती कौतुकाची वाट बघत उभी होती. त्या बाईंनी तिला तिथं काही सुनावलं नाही याबद्दल मी त्यांची जन्मभर ऋणी आहे. त्यांनी गालातला बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला. पुढच्या खेपेला आम्हाला बसवून सांगितलं, अगदी साध्या शब्दांत, की धूर नसला तरी तंबाखू तीच असते, आणि चुन्यामुळं ती गालात आणखी खोल शिरते. डावा जबडा काढावा लागेल. जिभेचाही थोडा भाग जाईल. मग लाईट, म्हणजे किरणांचा शेक, द्यावी लागेल.

आण्णांनी एकच विचारलं, "वाजवता यील का?"

"जगता येईल, मास्तर. तेवढ्यासाठी करायचं."

आण्णा बाकावरून उठले आणि दवाखान्याच्या आवारात जाऊन उभे राहिले. आईनं मला धरून विचारलं, "ह्येच खरं का गं? म्या दिल्यानं झालं का ह्ये?" मी म्हणाले, नाही, तसं काही नसतं, कुणालाही होतं. मी खोटं बोलले, आणि आजही मला त्याचं वाईट वाटत नाही. आण्णा आत आले तेव्हा त्यांच्या हातात क्लॅरोनेटची पेटी होती. दुरुस्तीला आणलेली ती तशीच राहिली होती. त्यांनी ती शिवादाच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "लांब सूर तू धरीत जा आता." मी ऐकलेलं त्यांचं ते शेवटचं सरळ वाक्य. त्यानंतर ऑपरेशन झालं.

ऑपरेशननंतर माझा बाप मला ओळखू आला नाही. चेहऱ्याची डावी बाजू आत गेलेली, छातीचं कातडं वर ओढून गालाला लावलेलं, नाकात नळी. त्या नळीतून आई हुलग्याचं माडगं गाळून घालायची. घालताना त्यांना चव सांगायची, आज लसूण घातलाय, आज जिरं, कारण त्यांना चव कळायचा दुसरा मार्गच नव्हता. त्यांच्या घशातून जो आवाज यायचा त्याचा अर्थ फक्त आई आणि मीच लावू शकत होतो, तोही अर्धामुर्धा. क्लॅरोनेट वाजवणारी बोटं चादरीवर सारखी हलायची. त्यावरून कोणतं गाणं चाललंय ते शिवादाला ओळखता यायचं.

बँडची सगळी माणसं एकदा भेटायला आली. पलंगाभोवती उभी राहिली. आण्णांनी प्रत्येकाच्या तोंडाकडं बघितलं, खरंच तोंडाकडं, गालाकडं. मग त्यांनी हात लांब करून शिवादाच्या खिशातली चंची ओढून काढली, त्याच्यापुढं धरली, आणि घशातून काहीतरी जोरजोरात सांगायला लागले. शिवादाच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. तो खाली वाकला, म्हणाला, "आण्णा, इतकी तलफ आलीया व्हय? दम धरा." त्यानं चंची उघडली, तळहातावर तंबाखू घेतली, चुना लावला, अगदी बारीक, मऊ, लहान बाळासाठी भात कुस्करावा तशी मळली. नर्स बघत नाही हे पाहून त्यानं ती चिमूट आण्णांच्या उजव्या, राहिलेल्या गालापाशी नेली. त्याला वाटत होतं आपण गुरूची शेवटची इच्छा पुरवतोय. आण्णांनी त्याच्या हातावर फटका मारला आणि तोंड भिंतीकडं फिरवलं. तंबाखू चादरीवर सांडली. बापू म्हणाला, "दुखत असंल, चला भाईर." मी ती तंबाखू झाडून टाकली. मी शिवादाला तिथंच सांगायला हवं होतं असं लोक म्हणतील. मी जिन्यात गाठून सांगितलंच. तो ऐकून घेऊन म्हणाला, "आण्णांना झालं ते चुन्यानं, सुमे. मी चुना कमी लावतो."

घरी आल्यावर आण्णांनी आणखी एकदा प्रयत्न केला. खंडेनवमी होती. वाद्यं पाटावर मांडली होती आणि सवयीनं चंच्याही. आण्णा पारावर उशीला टेकून बसले होते. ते उठले, भिंत धरत पाटापर्यंत आले, एकेक चंची उचलली आणि पाण्यानं भरलेल्या घंगाळात टाकली. या वेळी अर्थ सगळ्यांना कळला. मग बापूच हळू आवाजात म्हणाला, "आण्णा, तुमचं बरोबर हाय. पर ह्ये सोडलं की बिडी येनार. आन बिडीनं दम जातू, ह्ये तुमीच शिकवलं आमाला." आण्णा त्याच्याकडं बघत राहिले. त्यांना पुष्कळ बोलायचं होतं, आणि उरलेली जीभ वळत नव्हती. वळली असती तरी काय बोलले असते कोण जाणे, कारण बापू बोलत होता ते आण्णांचंच वाक्य होतं. दुपारी लाल चंच्या कुंपणावर ओळीनं वाळत होत्या. संध्याकाळी ज्याची त्यानं नेली.

आईनं मिश्री सोडायचा प्रयत्न केला. तिचं डोकं फुटायचं, पोट साफ व्हायचं नाही, चुलीपुढं बसल्या बसल्या तिला रडू यायचं. मग ती घरामागं जाऊन चोरून लावायला लागली. आण्णांना वास यायचा. ते रागवायचे नाहीत, नुसते डोळे मिटून घ्यायचे. दोघांमध्ये त्याबद्दल काय बोलणं झालं, झालं की नाही, मला माहीत नाही. एकदा मी बघितलं, आण्णांनी तिचा हात धरला होता आणि तिच्या बोटावरचा काळा डाग आपल्या उपरण्यानं पुसत होते. बराच वेळ पुसत होते.

गाठ परत आली ती उजव्या बाजूला. लाईट पुन्हा देता येत नव्हती. उन्हाळा लागला, लग्नं सुरू झाली, आणि भर लग्नसराईत एका सकाळी आण्णा गेले. त्या दिवशी शिवादाकडं एका लग्नाची सुपारी होती. ती त्यानं दुसऱ्या बँडला दिली आणि सगळे गणवेश घालून आमच्या अंगणात आले.

आण्णांना अंघोळ घालून, लाल कोट घालून अंगणात आणलं. डाव्या गालावर आईनं रुमाल बांधला होता. मास्तराला वाजवत न्यायचं असं ठरलं होतं. शिवादानं क्लॅरोनेट जोडलं, मग थांबला आणि माझ्याकडं बघितलं. मी आत जाऊन पितळी तांब्या भरून आणला. शिवादानं गालात बोट घातलं, बार काढला आणि कुंपणाकडं टाकला. त्याच्यामागं ट्रम्पेटवाल्यांनी टाकला, खुळखुळेवाल्यानं टाकला, बापूनं टाकला. तांब्या एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात गेला. बापाच्या प्रेतापुढं उभं राहून मी ती तपकिरी पाण्याची धार कुंपणाच्या कडेला पडताना बघत होते आणि माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला होता. ओरडावंसं वाटत होतं. पण ती सगळी माणसं रडत होती, आणि आण्णांचा नियम पाळत होती.

आईनं आण्णांवरून भाकरतुकडा ओवाळला. असं कुणी करत नाही, हे लग्नातलं आहे, पण तिला कुणी अडवलं नाही. शिवादानं लांब सूर धरला. आईच्यानं तुकडा टाकवेना, ती तो छातीशी घेऊन उभी राहिली, आणि सूर चालू होता. त्याच्यामागून ट्रम्पेटं लागली, तीही थांबेनात. अंगणातली सगळी माणसं श्वास धरून ऐकत होती. कुणाचा सूर फाटला नाही. कुणाला खोकला आला नाही. सगळ्यांच्या छात्या आण्णांना हव्या होत्या तशा स्वच्छ होत्या. आईच्या हातून तुकडा गळून पडला तेव्हाच शिवादानं क्लॅरोनेट खाली घेतलं.

ओढ्यावरच्या स्मशानातून ते सगळे परत आले तेव्हा ऊन चढलं होतं. रीतीप्रमाणं त्यांनी कडुनिंबाचा पाला तोडून चावला आणि थुंकून टाकला. मग पारावर बसले, आण्णांच्या जागेवर कुणी बसलं नाही, आणि एकेकानं खिशात हात घालून चंची काढली. लाल कापड विटलं होतं, सोनेरी झालर काळी पडली होती. टाके मात्र एकीचेही उसवले नव्हते.